नळी लावायची का, हे कोणी ठरवायचे?

नोव्हेंबर १९८२. पवनारच्या आश्रमात विनोबा भावे यांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांचे उपचार सुरू झाले, पण काही दिवसांतच विनोबांनी औषध, अन्न आणि पाणी घेणे थांबवले. वय ८७. पंतप्रधान इंदिरा गांधी येऊन भेटून गेल्या, अनेकांनी विनवण्या केल्या. विनोबा बधले नाहीत. १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, धाम नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला.

हे प्रायोपवेशन होते की आणखी काही, यावर तेव्हा बराच वाद झाला. तो इथे बाजूला ठेवू. महत्त्वाचे एवढेच, की ‘नको’ म्हणण्याइतके विनोबा शुद्धीवर होते आणि ते ऐकणारी माणसे भोवती होती. आज वर्धा जिल्ह्यातल्या किती म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला हे येते?

सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे, सावंगीला विनोबांच्याच नावाचे मोठे रुग्णालय आहे. दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यामुळे आर्वी, हिंगणघाटकडचा माणूसही आता अतिदक्षता विभागापर्यंत पोहोचतो. ही चांगलीच गोष्ट आहे. साप चावलेला किंवा फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला तरुण शेतकरी काही दिवस व्हेंटिलेटरवर राहतो आणि बरा होऊन घरी जातो. श्वास चालू ठेवून व्हेंटिलेटर वेळ मिळवून देतो. त्या वेळात विष उतरते.

पण तेच यंत्र सगळीकडे पसरलेल्या कॅन्सरमध्ये किंवा मोठ्या रक्तस्रावाने मेंदू कायमचा निकामी झाल्यावर लावले, तर मिळालेल्या वेळात बरे होण्यासारखे काही उरलेले नसते. नेमके तेव्हाच डॉक्टर बाहेर येऊन विचारतात, ‘नळी टाकायची का?’ बाबा बेशुद्ध. मोठा मुलगा कॉरिडॉरमध्ये, धाकटा पुण्याहून फोनवर, बहीण नागपूरहून निघालेली. ‘नको’ म्हणणाऱ्यावर पुढे आयुष्यभर ठपका येतो, म्हणून सगळेच म्हणतात, ‘जे करता येईल ते करा.’ आठ दिवसांनी पैसे संपतात, दुसरीकडे शेताचा एखादा तुकडा विकायची बोलणी निघतात, आणि शेवटी डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेत असल्याच्या कागदावर सही होते. घरी नेताना वेदनाशामक औषधाचीही धड सोय नसते. बाबांना काय हवे होते, हे या साऱ्यात कोणालाच ठाऊक नसते.

ते आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. या वाटेची सुरुवातही महाराष्ट्रातच झाली होती: मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर ४१ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या, आणि त्यांच्याच प्रकरणात २०११ साली न्यायालयाने हा प्रश्न पहिल्यांदा सविस्तर हाताळला. मात्र २०१८ ची पद्धत इतकी किचकट होती, की कागद न्यायदंडाधिकाऱ्यापुढे न्यावा लागे. २४ जानेवारी २०२३ ला ती सोपी झाली. आता सज्ञान व्यक्तीने शुद्धीत असताना लिहायचे, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक जवळच्या माणसांची नावेही त्यात द्यायची. मत बदलले तर कागद केव्हाही लेखी रद्द करता येतो.

माणूस बोलू शकतो तोवर हा कागद लागूच होत नाही. नंतरही उपचार थांबवण्याआधी दोन वैद्यकीय मंडळांनी आजार बरा होण्यासारखा नाही, असे सांगावे लागते; प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत. आणि यंत्र नको म्हणजे उपचार नकोत, असे नाही. वेदना, धाप, तोंडाची कोरड यांवरचे उपचार शेवटपर्यंत चालूच राहायला हवेत.

जिथे साध्या उपचारांसाठीही वणवण करावी लागते, तिथे उपचार नाकारण्याच्या हक्काचे कौतुक कशाला, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. म्हाताऱ्याच्या औषधपाण्याचा कंटाळा आलेले नातलग असा कागद लिहून घेतील, ही भीतीही खोटी नाही. म्हणून साक्षीदार वारसांपैकी नसलेले बरे. आणि ‘मला सर्व उपचार हवेत’ अशी इच्छा असेल, तर तीही नि:संकोच लिहून ठेवावी. मुलांना ती कळणे तितकेच गरजेचे आहे.

अडचण आता सरकारी टेबलावर आहे. कागदाची प्रत महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची असते. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा कुठे राज्यात नेमणुका झाल्या. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती म. श. सोनक यांनीच आपला कागद नोंदवून सुरुवात करून दिली. गावपातळीवर हे काम ग्रामसेवकाच्या माथी नुसते मारून चालणार नाही. त्याला मराठी नमुना आणि नोंदवही द्यावी लागेल. रुग्णालयांनीही दीर्घ आजाराच्या रुग्णाला बाह्यरुग्ण विभागातच, तो चालता-बोलता असताना, याविषयी विचारायला हवे. अतिदक्षता विभागाच्या दारात विचारून उशीर झालेला असतो.

एक साधी गोष्ट राहून जाते. शेताच्या सातबाऱ्यासोबत पेटीत कुलपात ठेवलेला हा कागद रात्री दोन वाजता कोणाच्याही हाती लागत नाही. एक प्रत नेहमीच्या डॉक्टरकडे द्यावी, आणि पुण्यातल्या मुलाच्या मोबाइलमध्ये त्याचा फोटो असावा.