लाटेच्या पाठीमागून

आमच्या छत्रपती संभाजीनगरास समुद्र नाहीं. पैठणास जाऊन नाथसागराचें पाणी पाहिलें म्हणजे घरांतील मुलांची हौस निम्मी फिटते. उरलेली निम्मी कोंकणांत. गेल्या दिवाळींत आमचें बिऱ्हाड मालवणजवळ देवबागेस उतरलें होतें. तेथें आमच्या वडील बंधूंच्या धाकट्या चिरंजीवांनीं जो प्रकार केला तो वाचकांच्या कानीं घालणें आम्हांस अवश्य वाटतें. कारण हल्लीं घरोघरचीं मुलें ‘कयाक’ नांवाची ती चिंचोळी होडी वल्हवूं लागलीं आहेत.

देवबाग म्हणजे जमिनीची एक अरुंद पट्टी. एका अंगास कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगास अरबी समुद्र. चिरंजीवांस दोन दिवसांत खाडी अपुरी वाटूं लागली व तिसऱ्या दिवशीं स्वारी कोणास न विचारतां मुखांतून समुद्रांत गेली. जाणें साधलें, अडचण आली ती परततांना. मागून आलेल्या लाटेनें होडी उचलून आडवी केली, मुलगा घाबरून जमिनीच्या बाजूस उतरला, आणि पुढच्या लाटेनें तीच होडी त्याच्या नडगीवर आणून आदळली. हाड मोडलें नाहीं, ही वहिनींची पुण्याई.

जवळच जाळें दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध गाबितानें एवढेंच म्हटलें, “झिला, होडयेच्या आनि जमनीच्या मधी कदी उभो रव नको.” होडीच्या पोटांत शंभर लिटर पाणी शिरलें म्हणजे शंभर किलो वजन वाढलें, आणि तें लाटेच्या वेगानें येतें, हें ध्यानांत घेतलें कीं म्हाताऱ्याचें बोलणें पटतें.

पाणी उथळ झालें कीं लाटेचा पाय तळाशीं अडखळतो व माथा पुढें जातो. खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें सव्वापट उरली कीं ती फुटते; चार फुटी लाट पांच फूट पाण्यांत. सखल उतारावर ती फेंसाळत हळूहळू मोडते, उभ्या उतारावर एकदम आपटते. उभ्या उताराच्या किनाऱ्यास नवशिक्यानें होडी लावूंच नये. ओहोटीच्या वेळीं खाडीचें मुखही टाळावें, कारण तेथें बाहेर पडणारें पाणी व आंत येणारी लाट समोरासमोर भिडतात.

सखल किनारा मिळाला तरी घाई नको. लाटा फुटतात त्याच्या बाहेर, नाळ समुद्राकडे करून थांबावें व लाटा मोजाव्या. समुद्राकडून पाहणाऱ्यास लाटेची केवळ पाठ दिसते, म्हणून ती वाटते त्याहून मोठीच समजावी. लाटा गटानें येतात. गटांतील शेवटची मोठी लाट खालून गेली कीं नाळ फिरवून तिच्या पाठीमागून जोरानें वल्हवीत यावें. तिच्या माथ्यावर चढूं नये. मागची लाट गांठूं लागली तर उलटें वल्हें मारून तिला पुढें जाऊं द्यावें. तरीही होडी आडवी झालीच, तर अंग लाटेकडे कलवावें व वल्हें फेंसावर टेकवावें. घाबरलेला मनुष्य नेमका जमिनीकडे कलतो आणि उलटतो. उतरावयाचें तें समुद्राच्या बाजूस. तरंगतें जाकीट अंगांत व शिरस्त्राण डोकीस हवेंच.

मद्रासेस बंदर नव्हतें तेव्हां गलबतांतील उतारू ‘मसुला’ नांवाच्या नावांतून असेच लाटांतून किनाऱ्यास येत. त्या नावांच्या फळ्या काथ्यानें शिवलेल्या असत. आपटल्या तरी लवत. कयाक लवत नाहीं, नडगीही लवत नाहीं.

चिरंजीव पंधरा दिवस लंगडले. आतां येत्या सुटीस पुन्हां देवबागेचा हट्ट आहे. वहिनींनीं अजून होकार दिलेला नाहीं. आमच्या तीर्थरूपांनीं मात्र शिरस्त्राणाची किंमत विचारून ठेविली आहे.