फ्यूजमधील जाड तार

विजेच्या पंपावर बागाईत करणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंत एक घातक चाल रूढ होत चालली आहे. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यांत जाड तार गुंडाळावयाची, आणि स्टार्टर आपोआप बंद पडतो म्हणून त्यांतील ओव्हरलोड रिले काढून ठेवावयाचा. पाणी चालू राहिलें म्हणजे काम साधलें, असें मानण्यांत येतें. आमच्या मतें हें काम साधणें नव्हे, तर नुकसान पुढें ढकलणें होय.

तारेंतून वीज वाहूं लागली म्हणजे तार तापते. आणि प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होतां चौपट होते. केबलीवरील साधें पीव्हीसीचें वेष्टण सुमारें 70 अंश सेल्सिअसपर्यंत निभावतें. त्यापुढें तें हळूहळू निकामी होऊन अखेरीस तारा एकमेकींस भिडतात. रिलेंत दोन धातूंची जोडपट्टी असते. उष्णतेनें ते धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वांकते व मोटार बंद होते. 5 अश्वशक्तीची थ्री-फेज मोटार पूर्ण भारावर सुमारें 7 ते 8 अँपिअर प्रवाह घेते. एखादा फेज गेला अथवा दाब उतरला, कीं तेंच काम करण्यास तिला अधिक प्रवाह ओढावा लागतो. अशा वेळीं रिले आड येतो, तो मोटार वांचविण्यासाठींच.

न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं 1998 सालच्या जानेवारी-फेब्रुवारींत मध्यवस्तीस वीज पुरविणाऱ्या चारही मुख्य केबली एकामागून एक निकामी झाल्या, आणि तो भाग सुमारें पांच आठवडे अडून राहिला. भोंवतालची माती केबलीची उष्णता जितकी वाहून नेईल असें धरलें होतें, तितकी ती नेत नव्हती, असें मागाहून दिसून आलें. कोरडी माती उष्णता सहज पुढें जाऊं देत नाहीं. उन्हाळ्यांत बांधाखालून नेलेल्या आमच्या केबलीसही हाच नियम लागू आहे.

कोणी म्हणेल, वीज मिळते मोजके तास, तीही पुष्कळदां रात्रीं. ऊंस वाळत असतां रिलेचें कौतुक कोणीं करावें? ही तक्रार खरी आहे. दाब पुरेसा राखणें व भाराच्या मानानें रोहित्र बसविणें हें वीज कंपनीचें कर्तव्य होय. तें चुकल्यास लेखी अर्ज करून, त्याची पोंच घेऊन, जाब विचारलाच पाहिजे. परंतु बांधाचा दगड सरकविल्यानें गांवची जमीन वाढत नाहीं, तशीच जाड तार घातल्यानें रोहित्राची शक्ति वाढत नाहीं. रोहित्र जळालें म्हणजे नियमानें वागणाऱ्या शेजाऱ्याचेंही पीक वाळतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, एका रोहित्रावरील सर्व शेतकऱ्यांनीं एकत्र बसून मोटारींची खरी यादी करावी; न नोंदलेली मोटार लपवूं नये. प्रत्येकानें जाणत्या वायरमनकडून रिले मोटारीच्या नांवपट्टीवरील अँपिअरच्या आंकड्यास लावून घ्यावा. रोहित्राच्या फ्यूजला स्वतः हात लावूं नये. रिले पुन्हा पुन्हा बंद पाडीत असेल, तर त्याचें कारण शोधावें. त्याचें तोंड बांधून कोणाचीही मोटार आजवर वांचलेली नाहीं.