बॅट माळ्यावर कोण टाकतं?

खाशाबा जाधवांच्या जन्माला १५ जानेवारी २०२६ रोजी शंभर वर्षे झाली. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या पैलवानाने १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडादिन आहे. शाळाशाळांतून त्या दिवशी तसबिरीला हार चढतात आणि हेलसिंकीच्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकिगत पुन्हा सांगितली जाते. सांगावीच. मात्र तेव्हा खाशाबा २६ वर्षांचे होते, लंडनच्या १९४८च्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते आणि पुन्हा जायचे हे त्यांचे त्यांनी ठरवलेले होते. पैसा त्या निश्चयाच्या मागून आला.

आता हेही खरे, की त्यांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. आखाड्याची माती पोराला घरातूनच लागली. तेव्हा मुलाला खेळाकडे मोठ्यांनी नेले तर बिघडत नाही. सहा वर्षांचे पोर ‘मला बॅकस्ट्रोक शिकवा’ म्हणत घरी येत नाही. कुणीतरी त्याला पाण्याजवळ न्यावेच लागते.

गोची होते ती पुढे. एप्रिलच्या शिबिराचा अर्ज बाबा भरतात, खेळही तेच निवडतात. बहुधा स्वतःचा राहून गेलेला. मग पहाटे साडेपाचचा गजर, आईच्या स्कूटरवर मागे बसून डुलक्या. पाच-सात वर्षांत त्या पोराला खेळ खरोखर आवडू लागतो. नेमकी तेव्हाच नववीची परीक्षा संपते आणि घरात फर्मान निघते, ‘यंदा दहावी, आता बॅट माळ्यावर.’ सुरुवातही मोठ्यांनी ठरवली, शेवटही त्यांनीच. मधली मेहनत तेवढी मुलाची. काही घरांत मात्र खेळ चालू राहतो, कारण सवलतीच्या गुणांचा हिशेब जुळतो. तिथेही मुलाला कुणी विचारलेले नसतेच.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला वडिलांनी २००९ साली राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे वर्षभर सराव झाल्यावर एक खेळ निवडायचा होता. त्याने नेमबाजी निवडली. वडील शिक्षक, गाव राधानगरी तालुक्यातले. रायफल काही घरच्या भिंतीवर टांगलेली नव्हती. पंधरा वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. पदक मिळाले म्हणून ती निवड बरोबर ठरली, असे आम्ही म्हणत नाही. आम्हाला त्या वर्षभराचे मोल वाटते. आधी अंग घामाने भिजले, निवडीची वेळ नंतर आली.

उलट बाजूला आंद्रे अगासी. आठ ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपदे मिळवलेल्या या माणसाने ‘ओपन’ या आत्मचरित्रात लिहिले, की टेनिसचा त्याला तिटकारा होता. बापाने बालपणापासून ते त्याच्यावर लादले होते. जगज्जेता निघाला म्हणून त्याचे ऐकायला जग थांबले. जे जिल्हा पातळीवरच अडकले, त्यांचा तिटकारा कोण छापणार?

‘मुलांवर सोडलं तर ती दर महिन्याला खेळ बदलतील,’ ही पालकांची धास्ती अगदीच खोटी नाही. सोमवारी कराटे, गुरुवारी बॅडमिंटन, रविवारी नुसता मोबाइल. म्हणून ठरवताना मुदतही मुलानेच सांगावी: एक मोसम, किंवा पुढची आंतरशालेय स्पर्धा होईपर्यंत. कबड्डीच्या संघात नाव दिले आणि ऐन सामन्याच्या आठवड्यात कंटाळा आला, तर उरलेल्या सहा जणांनी काय करायचे? तेवढे दिवस कुरकुरत का होईना, मैदानावर जायचेच. मुदत संपल्यावर मात्र ‘नको’ म्हटले तर नको. ‘किटवर इतके हजार घातले’ हे वाक्य त्या दिवशी घरात उच्चारू नये; ते पैसे मोठ्यांनी आपल्या हौसेने खर्चलेले असतात. (दुखापत, भीती किंवा प्रशिक्षकाचे वागणे हे कारण असेल, तर मुदतबिदत काही नाही. त्याच दिवशी थांबायचे आणि आधी पोराचे नीट ऐकायचे.)

नववीची परीक्षा संपेलच. माळ्यावर चढण्याआधी पोराला एवढेच विचारा: दहावीच्या वर्षात आठवड्यातले किती दिवस खेळायचेय? ‘तीन’ म्हणाला, तर कोणते तीन, तेही त्यालाच सांगू द्या.