अनुदान गाडीला नको, बसला द्या

विजेच्या वाहनांना सरकारने अनुदान द्यावे की नाही, हा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाच्या मते पर्यावरण वाचवायचे तर ते द्यायलाच हवे. दुसऱ्याच्या मते ही निव्वळ उधळपट्टी. हा पैसा नेमका कोणाच्या पदरात पडतो, हे मात्र दोघेही विचारत नाहीत.

केंद्राची फेम-2 योजना एप्रिल 2019 मध्ये आली. तरतूद 10,000 कोटींची. दुचाकीचे अनुदान बॅटरीच्या क्षमतेवर ठरे. जून 2021 मध्ये ते किलोवॉट-तासामागे 15,000 रुपयांवर नेले. पण हे अनुदान मिळवायला गाडीची उरलेली किंमत आधी खिशात हवी, नाहीतर बँकेने कर्ज देण्याइतकी पत तरी हवी. ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्या वाट्याला शून्य!

करांचेही तेच. सप्टेंबर 2025 पासून साध्या पेट्रोल स्कूटरवर जीएसटी 18 टक्के, आणि विजेच्या गाडीवर, मग ती कोटीभर रुपयांची आलिशान मोटार का असेना, 5 टक्के. सायकलीवरही 5 टक्केच. कोटीची मोटार आणि पोराची सायकल एकाच रांगेत बसवणारी ही कसली समता?

अनुदानाचे समर्थक सांगतील की त्याशिवाय ही वाहने खपलीच नसती. यात तथ्य आहे, ते नाकारू नये. मे 2023 मध्ये देशात विजेच्या लाखावर दुचाकी नोंदल्या गेल्या. जूनमध्ये अनुदान कापले आणि आकडा निम्म्याखाली घसरला. पण पुढचेही सांगा ना! त्यानंतर पीएम ई-ड्राइव्ह योजनेत अनुदान किलोवॉट-तासामागे 5,000 रुपयांवर उतरले, तरी 2024-25 मध्ये 11 लाखांवर दुचाकी खपल्या. पांगुळगाड्याने काम केले. मूल चालायला लागल्यावर पांगुळगाडा काढायचा असतो.

आता गोव्याकडे वळू. 2011 च्या जनगणनेत आपण 14 लाख 58 हजार होतो. आज नोंदलेल्या वाहनांची संख्या त्याच्याही पुढे गेली आहे. ही सगळी वाहने उद्या विजेवर धावू लागली तर धूर जाईल, हे चांगलेच. पण दिवजा सर्कलवरची कोंडी जाणार आहे का? म्हापशाच्या बाजारात गाडी लावायला जागा मिळणार आहे का? शिवाय आपली बहुतेक वीज राज्याबाहेरून येते, त्यातली बरीच कोळशावरची. म्हणजे धुराचाही काही भाग फक्त दुसऱ्याच्या अंगणात जातो.

गोवेकर हौसेने दुचाकी घेत नाही. बस नाही म्हणून घेतो. सत्तरीतल्या, सांग्यातल्या, काणकोणातल्या आतल्या गावांत संध्याकाळ टळली की बस मिळणे मुश्कील. दुकानात काम करणाऱ्या मुलीने घरी परतायचे कसे? तिने कर्ज काढून स्कूटर घ्यावी, मग सरकार थोडी मदत करील, असे हे धोरण आहे. 2021 मध्ये राज्याने काढलेल्या विद्युत वाहन धोरणातही खाजगी खरेदीदाराला अनुदान होते. बसची वाट पाहणाऱ्याला त्यातून काय मिळाले?

केंद्राच्या भरवशावर राहू म्हणाल, तर तेही ऐका. पीएम ई-ड्राइव्हमध्ये 14,028 विजेच्या बसगाड्यांसाठी 4,391 कोटी ठेवले, पण ते 40 लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांसाठी. मुंबई, पुणे, सुरत. आपले अख्खे राज्य मोजले तरी त्या निकषाच्या निम्म्यालाही पोचत नाही. म्हणूनच राज्याच्या तिजोरीतला एकेक रुपया विचार करून खर्च व्हायला हवा.

अनुदान बंदच करा, असे माझे म्हणणे नाही. ते दिवसभर चालणाऱ्या चाकांना द्या. आपला मोटारसायकल पायलट, रिक्षावाला आणि खाजगी बसमालक हे पोटासाठी दिवसभर रस्त्यावर असतात. कचेरीबाहेर आठ तास उभ्या राहणाऱ्या स्कूटरपेक्षा त्यांची गाडी विजेवर आणली, तर त्याच रुपयात कितीतरी जास्त पेट्रोल-डिझेल वाचेल. ‘म्हजी बस’ योजनेतून खाजगी बसगाड्या कदंबला जोडण्याचा प्रयत्न 2023 मध्ये सुरू झाला. त्याच बसमालकांना विजेची बस घ्यायला भरीव मदत द्या, आणि अट घाला की रात्रीची फेरी चुकवायची नाही. खाजगी मोटार घेणाऱ्याला मात्र एक पैसाही नको. तो आपल्या पैशाने घेऊ शकतो, घेऊ द्या.

अर्थसंकल्प येतो तेव्हा किती वाहनांना अनुदान मिळाले ते आमदार अभिमानाने सांगतात. त्यांना तुम्ही एवढेच विचारा: आपल्या मतदारसंघात रात्री आठनंतर किती बसगाड्या धावतात?