गिऱ्हाईक का दुरावले?

जपानमधील योकोसुका शहराच्या ओप्पामा भागात निसान कंपनीचा मोटारींचा कारखाना १९६१ पासून चालू आहे. जगात मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली आधुनिक विजेवरची मोटार, लीफ, २०१० साली प्रथम याच कारखान्यातून बाहेर पडली. १५ जुलै २०२५ रोजी कंपनीने जाहीर केले की मार्च २०२८ अखेर ओप्पामा येथील उत्पादन थांबेल आणि ते काम क्यूशू बेटावरील कारखान्याकडे जाईल. त्याआधी मे महिन्यात वीस हजार नोकऱ्या कमी करण्याचा आणि जगभरातील सतरा कारखान्यांचे दहा करण्याचा बेत प्रसिद्ध झालाच होता. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात कंपनीला सुमारे ६७१ अब्ज येनचा तोटा आला. २०१७-१८ या वर्षात निसानने ५७ लाखांहून अधिक मोटारी विकल्या होत्या. २०२४-२५ मध्ये हा आकडा साडेतेहतीस लाखांच्या आत आला.

सात वर्षांत चोवीस लाख गिऱ्हाइके दरसाल कमी झाली, असा याचा सरळ अर्थ. ही गिऱ्हाइके ओप्पामाच्या कामगाराने घालविली काय? या प्रश्नाचे उत्तर संचालक मंडळाने कधी दिलेले नाही. मात्र शिक्षा कोणाला व्हावी हे त्याने ठरवून टाकले आहे.

अर्धे रिकामे कारखाने चालविणे परवडत नाही, हा व्यवस्थापनाचा युक्तिवाद खोटा नाही. ओप्पामाच्या क्षमतेपैकी निम्मीसुद्धा वापरली जात नव्हती. यंत्रे रिकामी फिरवून कोणत्याही कंपनीचे, अगदी सरकारी मालकीच्या कंपनीचेही, भले होत नाही. समाजवाद्यांनी हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कारखाना बंद केल्याने खर्च कमी होतो, गिऱ्हाईक परत येत नाही. ज्या दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही त्याने दोन नोकर काढले, तर तोटा थोडा कमी होईल. दुकानात माणसे येऊ लागतील ती निराळ्याच कारणाने. आणि निसानच्या बाबतीत तर हे औषध पूर्वी एकदा घेऊन झालेले आहे.

१९९९ साली निसानवर सुमारे दोन हजार अब्ज येनचे कर्ज होते. फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने ३६.८ टक्के भाग घेतले आणि कार्लोस घोन यांना टोकियोस पाठविले. ऑक्टोबरात त्यांनी योजना मांडली : पाच कारखाने बंद, एकवीस हजार नोकऱ्या कमी, सुटे भाग पुरविणाऱ्या कारखानदारांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणि खरेदीचा खर्च तीन वर्षांत वीस टक्क्यांनी खाली. टोकियोजवळचा मुरायामा कारखाना २००१ मध्ये बंद पडला. वर्षभरातच कंपनी नफ्यात आली आणि घोन यांचा जयजयकार जगभरच्या व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांत सुरू झाला. त्या काळात नव्या, चांगल्या गाड्याही काढल्या गेल्या, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु आजारी माणसाला एकदा लागू पडलेले जुलाबाचे औषध पुढे रोजच्या जेवणाऐवजी देण्यात आले. २०११ मध्ये पुढील सहा वर्षांचे लक्ष्य ठरले : जगाच्या बाजारपेठेत आठ टक्के वाटा आणि विक्रीवर आठ टक्के नफा. वाटा वाढवायचा तर किंमत उतरवावी लागते, आणि तरीही नफा टिकवायचा तर गाडीतून, कामगाराच्या श्रमातून किंवा पुरवठादाराच्या खिशातून काहीतरी काढून घ्यावे लागते. या दोन आठांच्या कात्रीत निसानचा नावलौकिक सापडला.

अमेरिकेत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. तेथे विक्रेत्यांना दरमहा गाड्यांचा कोटा ठरवून देण्यात येई. कोटा पूर्ण झाला की त्या महिन्यातील प्रत्येक गाडीमागे जादा रक्कम मिळे, न झाल्यास काहीच नाही. साहजिकच महिन्याच्या अखेरीस विक्रेता तोटा सोसूनही गाडी खपवी. पंधरा तारखेला गाडी घेणाऱ्याला आपण फसलो असे वाटे आणि तीस तारखेला घेणारा समजून चाले की या गाडीची खरी किंमत एवढीच. शिवाय भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्यांना घाऊक विक्री होत असे. वर्ष-दोन वर्षांनी त्या गाड्या जुन्या बाजारात लोंढ्याने येत आणि सामान्य मालकाच्या गाडीची किंमत आणखी पाडत. पगारदार माणसाला मोटार ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी. विकायला काढल्यावर ती निम्म्या किमतीला गेली, तर सूट मिळाल्याचा आनंद त्याच्या मनात उरत नाही. पुढच्या वेळी तो शेजारच्या कंपनीकडे वळतो, आणि हे काही तो पत्र लिहून कळवीत नाही.

दुसरी गोष्ट गिअरपेटीची. निसानने आपल्या बहुतेक गाड्यांत निराळ्या प्रकारची स्वयंचलित गिअरपेटी बसविली. तीत दातेरी चक्रांच्या ठरावीक पायऱ्या नसतात. दोन पुल्यांवर पोलादी पट्टा फिरतो आणि पुल्यांचा व्यास कमीजास्त होऊन वेग बदलतो. इंधन वाचते, चालविणे सोपे जाते. कल्पना उत्तमच होती. पण कित्येक गाड्यांत ही पेटी तापू लागली, थरथरू लागली, चढावर किंवा रहदारीत वेग घेताना अडू लागली. बिघडली की दुरुस्त होण्यापेक्षा ती आख्खी बदलावी लागे, आणि तो खर्च जुन्या गाडीच्या मालकाच्या आवाक्याबाहेरचा. पहिल्या पिढीच्या या पेट्यांची हमी कंपनीने पुढे दहा वर्षांपर्यंत वाढविली. त्यानंतरच्या गाड्यांतही तीच तक्रार आली, अमेरिकेत सामूहिक दावे झाले, आणि पुन्हा हमी वाढवावी लागली, पण या वेळी हात आखडता घेऊन. एकदा झालेली चूक गिऱ्हाईक माफ करते. तीच चूक नव्या रंगात विकली तर ते माफ करीत नाही.

याच्या उलट उदाहरण निसानच्याच इतिहासात आहे. लीफ गाडीच्या विद्युत्घटाला थंड ठेवण्यासाठी द्रवाची व्यवस्था नव्हती. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या कडक उन्हाळ्यात त्या घटांची धारणशक्ती अपेक्षेपेक्षा लवकर घटू लागली. २०१२ च्या उन्हाळ्यात मालकांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या, काहींनी न्यायालयात दावा लावला. आरंभी कंपनी हे नेहमीचेच आहे असे सांगत राहिली. पण वर्षअखेर तिला स्पष्ट हमी जाहीर करावी लागली : पाच वर्षांत किंवा साठ हजार मैलांत घटाची शक्ती ठरावीक मर्यादेखाली गेली तर दुरुस्ती किंवा बदल कंपनीच्या खर्चाने, आणि ही हमी आधी विकलेल्या गाड्यांनाही लागू. यात औदार्य नव्हते. ग्राहक संघटित झाले म्हणून हे घडले. तरीही त्यातून जे साधले ते कोणत्याही जाहिरातीने साधले नसते. विजेची गाडी ही तेव्हा अनोळखी वस्तू होती. तिच्या सर्वांत महाग भागाची जबाबदारी विकणाऱ्याने घेतली, म्हणून घेणाऱ्याला धीर आला.

गिऱ्हाईक परत मिळविण्याचा मार्ग यातच दिसतो, आणि तो खर्चिक आहे. ज्यांच्या गिअरपेट्या नादुरुस्त झाल्या त्यांना तारखांच्या आणि मैलांच्या कलमांत न अडकविता त्या बदलून देणे. महिनाअखेरच्या लिलावाऐवजी वर्षभर एकच प्रामाणिक किंमत ठेवणे. भाड्याच्या कंपन्यांकडे गाड्या ओतणे थांबविणे. हे केल्यास पहिली दोन वर्षे विक्री आणखी घटेल. भागधारकांना ते रुचणार नाही. परंतु ज्या कंपनीला ६७१ अब्जांचा तोटा पत्करता येतो तिला हा तोटा पत्करता येणार नाही, असे मानायचे कारण काय?

लोकांना हवी ती वस्तू नसणे ही तिसरी गोष्ट. २०१६ साली निसानने जपानमध्ये नोट या छोट्या गाडीत नवी रचना आणली : पेट्रोलचे इंजिन केवळ वीज निर्माण करते आणि चाके विजेच्या मोटरवर फिरतात. ती गाडी तेथे अतोनात खपली. २०२४ मध्ये अमेरिकेतील गिऱ्हाईक पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या गाड्यांसाठी टोयोटा आणि होंडा यांच्या दारात उभे होते, तेव्हा निसानकडे तेथे विकायला अशी एकही गाडी नव्हती. ओप्पामाच्या कामगारांनी ती करून दाखविली होती. समुद्रापलीकडे ती न नेण्याचा निर्णय त्यांचा नव्हता.

गाडीचा दर्जा अखेर कारखान्यात ठरतो. तेथील वातावरण काय होते हे २०१७ मध्ये उघड झाले. जपानी नियमांनुसार गाडी बाहेर पडण्यापूर्वीची अंतिम तपासणी अधिकृत तपासनिसानेच करावयाची असते. निसानच्या कारखान्यांत ती बिनअधिकृत माणसे करीत आणि कागदावर अधिकृत तपासनिसाचा शिक्का उमटवीत. सुमारे बारा लाख गाड्या पुन्हा तपासणीसाठी बोलवाव्या लागल्या. चौकशीच्या अहवालात तपासनिसांची अपुरी संख्या आणि मुख्य कचेरी व कारखाना यांच्यातील दुरावा ही कारणे नोंदली गेली. मार्च २०२४ मध्ये जपानच्या व्यापार आयोगाने ठपका ठेवला की निसानने छत्तीस पुरवठादारांना देय असलेल्या रकमेतून सुमारे तीन अब्ज येन अन्यायाने कापून घेतले होते. ज्या छोट्या कारखानदाराचे बिल असे छाटले जाते तो पोलादाचा पट्टा कोणत्या प्रतीचा पाठवील?

या दुराव्याचे मूळ फार जुने आहे. १९५३ साली निसानमध्ये मोठा लढा झाला. कंपनीने टाळेबंदी केली, व्यवस्थापनाला अनुकूल अशी दुसरी संघटना उभी राहिली आणि जुनी लढाऊ संघटना मोडली गेली. त्या जुन्या संघटनेचे सर्वच बरोबर होते असे नव्हे. आणि पुढे नव्या संघटनेच्या पुढाऱ्यांनीही कंपनीत आपले संस्थान थाटले, हा इतिहास आहे. पण ‘हा माल सदोष आहे, पुढे जाऊ देणार नाही’ असे वरिष्ठाला ठणकावून सांगणारा आवाज कारखान्यात राहिला नाही, ही गोष्ट ग्राहकालाही भोवली. कामगाराला पट्टा थांबविण्याचा खरा अधिकार देणे आणि पुरवठादाराला रास्त भाव देणे हे दर्जाचे पहिले कलम आहे. वीस हजारांना घरी बसविण्याची घोषणा झाल्यावर उरलेल्यांपैकी कोण तोंड उघडील?

वरच्या मजल्यावर मात्र कात्री निराळी चालते. घोन यांना नोव्हेंबर २०१८ मध्ये उत्पन्न लपविल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांनी आरोप नाकारले आणि खटल्याआधीच, २०१९ च्या अखेरीस, ते लेबनॉनला निघून गेले. होंडाशी एकत्रीकरणाची बोलणी फेब्रुवारी २०२५ मध्ये फिसकटली, मुख्याधिकारी उचिदा पायउतार झाले, आणि त्यांच्यासह चार माजी अधिकाऱ्यांना जाताना मिळून ६४ कोटी येनहून अधिक रक्कम देण्यात आली. वर्षअखेरीस कंपनीने योकोहामातील आपली मुख्य इमारत ९७ अब्ज येनना विकली आणि तीच भाड्याने घेतली. निदान तेवढी काटकसर तरी वरून सुरू झाली म्हणायची.

हा सारा दूरदेशीचा विषय वाटेल. तसा तो नाही. २०१२ मध्ये घोन यांनी डॅटसन हे जुने नाव भारतात पुन्हा आणण्याचा घाट घातला. मार्च २०१४ मध्ये गो ही गाडी तीन लाख बारा हजारांपासून विक्रीस आली. गरीब देशातील नव्या मध्यमवर्गासाठी, असे सांगण्यात आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅप संस्थेच्या टक्कर-चाचणीत तिला शून्य तारे मिळाले आणि ती गाडी बाजारातून काढून घ्यावी असे संस्थेने घोन यांना कळविले. टोकियोत जे विकता आले नसते ते आपल्याकडे चालेल, हा हिशेब भारतीय गिऱ्हाइकाला कळायला वेळ लागला नाही. एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने डॅटसनचा गाशा गुंडाळला.

अशा गाशा गुंडाळण्याचा अनुभव महाराष्ट्राला चांगलाच आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातील विक्री थांबविली, तेव्हा शेव्हरोलेच्या मालकांच्या गाड्यांची किंमत एका बातमीसरशी उतरली. तळेगावचा कारखाना निर्यातीपुरता चालत राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबला. पुढे तो ह्युंदाईने घेतला; पण हजाराहून अधिक कामगारांचा नोकरीचा वाद त्या थांबण्यानंतरही चालूच राहिला. २०२१ मध्ये फोर्डने येथील उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे येथील माणूस आता गाडी घेताना इंजिनाच्या ताकदीआधी विचारतो की कंपनी दहा वर्षांनी येथे असेल ना.

२०२५ मध्ये निसानने भारतासाठी टेक्टॉन नावाची नवी गाडी जाहीर केली. ती चांगलीही असेल. परंतु सांगली-साताऱ्याच्या रस्त्यांवर अजून डॅटसन गो धावत आहेत. त्यांच्या मालकांना दाराचे कुलूप, पुढचा दिवा, क्लचची तबकडी कोणत्या दुकानात, किती दिवसांत आणि काय भावाने मिळते, याची चौकशी टेक्टॉन घेऊ पाहणारा माणूस आधी त्यांच्याकडे करील आणि मगच विक्रेत्याच्या दुकानाची पायरी चढेल.