गमतीची यंत्रे आणि समीक्षेचा आळस
रूब गोल्डबर्ग, हीथ रॉबिन्सन आणि ज्याँ टँग्ली यांना 'गमतीशीर यंत्रांचे कलावंत' या एकाच कप्प्यात टाकणे हा समीक्षेचा आळस आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकी व्यंगचित्रकार गोल्डबर्ग (१८८३-१९७०) शिक्षणाने अभियंता. क्षुल्लक कामासाठी तो कागदावर भलीमोठी कार्यकारणसाखळी रचतो. उपहास करतो तो साधनालाच साध्य मानणाऱ्या वृत्तीचा. त्याचा इंग्रज समकालीन रॉबिन्सन (१८७२-१९४४) गाठी मारलेल्या दोऱ्यांवर यंत्रे तोलतो आणि ती चालवणारी माणसे कमालीची गंभीर असतात. तेथे उपहासापेक्षा माया अधिक. स्विस शिल्पकार टँग्ली मात्र कागदावर थांबत नाही. १७ मार्च १९६० रोजी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या बागेत त्याचे भंगारातून उभारलेले यंत्र प्रेक्षकांदेखत स्वतःलाच मोडू लागले. अखेर अग्निशामकांना मध्ये पडावे लागले.

तिघांनाही 'लहरी' म्हटले की यंत्रयुगाविषयीची तीन परस्परविरोधी विधाने पुसली जातात. यंत्र माणसाला कोठे उभे करते, हा खरा प्रश्न आहे. साहित्यातील विनोद कोणावर आणि कशासाठी, हे आपण विचारतोच. मग रेखाटनाला आणि शिल्पाला त्यातून सूट का द्यावी?