आधी निदान, मग फॉरमॅट

दिवाळीच्या सुटीत लोधीपुऱ्यास घरी गेलो, तो धाकटी बहीण रडकुंडीस आलेली. तिच्या जुन्या संगणकावर आम्ही लिनक्स मिंट घातले होते. पासवर्ड बरोबर देऊनही पडदा क्षणभर काळा होई आणि पुन्हा पासवर्डच विचारी. दुरुस्तीवाल्याने पाहताक्षणी निकाल दिला, "फॉरमॅट मारावे लागेल." आत तिची वर्षभराची टिपणे होती, त्याचे त्याला काय!

मित्रहो, पुसून टाकण्याची ही घाई मला मुळीच मान्य नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबले, की नुसत्या अक्षरांचा पडदा उघडतो. तेथे 'डीएफ -एच' ही आज्ञा दिली, तो डिस्क १०० टक्के भरलेली! लिहायला जागाच नाही, मग डेस्कटॉप उभा राहणार कसा? 'सुडो एपीटी क्लीन' या आज्ञेने साठलेली पॅकेजे काढली, संगणक पुन्हा सुरू केला. टिपणे जागच्या जागी.

आमच्या बुऱ्हाणपुरात १६१५ सालचा कुंडी भंडारा आहे. पाणी भुयारातून वाहते. पण आत उतरून पाहता यावे, गाळ काढता यावा म्हणून वाटेत उभ्या कुंड्या ठेवल्या आहेत. लिनक्सच्या नोंदी म्हणजे अशाच कुंड्या. 'जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर' म्हटले, की यावेळी सुरू झाल्यापासूनच्या चुका समोर येतात.

डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून आधी फायली बाहेर काढाव्यात.

बहिणीने या आज्ञा वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवल्या आहेत.